ट्रॅव्हल ट्रेलर ओढताना सायकली कुठे बांधाव्यात?

मिशिगनकर: नमस्कार मंडळी. आमच्या एसयूव्हीमागे 2000 किलोचा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे मोटारीने ओढायचे चाकांवरचे छोटे घर, असतो. या उन्हाळ्यात दोन इलेक्ट्रिक सायकली सोबत न्यायच्या आहेत. ट्रेलरच्या मागच्या बंपरवर रॅक बसवणे सुरक्षित ठरेल का?

यंत्रवेडा: बंपरचा विचार सोडून द्यावा. बहुतेक ट्रेलरांचा हा बंपर सांडपाण्याचा पाइप ठेवण्यापुरता, पातळ पत्र्याचा आणि पोकळ असतो; शिवाय ट्रेलरचा मागचा भाग खड्ड्यांवर मोटारीपेक्षा जोरात उसळत असल्यामुळे त्याचे वेल्डिंग तुटू शकते. वजनाचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. ट्रेलरच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत 200 ते 300 किलो, भार पुढच्या जोडणीवर असावा लागतो. 60 किलोच्या सायकली ट्रेलरच्या चाकांच्या आसाच्या 4 मीटर मागे टांगल्या आणि जोडणी आसाच्या 5 मीटर पुढे असली, तर हा भार 48 किलोंनी घटतो आणि वेगात ट्रेलर डोलण्याचा धोका वाढतो.

रानवाटा: सहमत. ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावरही रॅक बसतो, पण तेथे जोडणीवरचा भार वाढतो, आणि तीव्र वळणावर सायकलीचे हँडल मोटारीला लागते का, हे रिकाम्या मैदानात तपासावे लागते.

मिशिगनकर: आभारी आहे. सायकली ट्रेलरच्या आतच ठेवल्या तर?

यंत्रवेडा: जागा असल्यास तोच उत्तम उपाय. त्या आसाच्या आसपास घट्ट बांधाव्यात आणि बॅटऱ्या काढून मोटारीत ठेवाव्यात.