विषय : पावसाळ्यातील पिसवा, कपडे आणि अंथरुणे

प्रेषक : राजेंद्रनगर, इंदूर

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

आमच्या जिन्याखालच्या खोलीत जुन्या गाद्या आणि लग्नकार्यापुरत्याच बाहेर निघणाऱ्या सतरंज्या ठेवलेल्या असतात. पावसाच्या तोंडावर तिथे एक भटकी मांजर व्याली. पिले मोठी झाल्यावर ती आपणहून त्यांना घेऊन निघून गेली आणि त्यानंतर घरात पिसवा झाल्या. चावे घोट्यापासून पोटरीपर्यंतच उठतात. चादरी, अभ्रे, रोजचे कपडे मशीनमध्ये धुऊन झाले, कपाटांत डांबराच्या गोळ्या टाकून झाल्या, तरी काही फरक नाही. नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, त्यामुळे घरातला कपडा न् कपडा उकळून काढणे शक्य नाही. सासूबाईंनी थोरल्यांच्या तोंडून प्लेगच्या हकिगती ऐकलेल्या असल्यामुळे त्या धास्तावल्या आहेत. त्यातच त्यांच्या हातच्या गोधड्या जाळून टाकाव्यात असे कोणीतरी सुचवले. नेमके काय धुवावे आणि कसे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

---

प्रेषक : महू (पशुवैद्यकीय अध्यापनातून निवृत्त)

ताई, सप्रेम नमस्कार.

गोधड्या जाळू नका, आणि कपाटातल्या घडीच्या कपड्यांना तर हातही लावू नका. पिसू कापड खात नाही आणि कपाटात संसारही थाटत नाही. मांजराच्या अंगावर रक्त पिणारी मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालू शकते. ती गुळगुळीत असल्यामुळे केसांत टिकत नाहीत. जनावर जिथे निजते तिथेच गळून पडतात. त्यांतून निघालेली अळी उजेड टाळत विणीच्या आत शिरते, मोठ्या पिसवांच्या विष्ठेतील वाळलेल्या रक्तावर वाढते आणि शेवटी रेशमी कोष विणते. त्या कोषाला धूळ चिकटत असल्यामुळे तो सतरंजीत शोधूनही सापडत नाही. आतली पिसू महिनोन्महिने थांबू शकते आणि पावलांचा हादरा, अंगाची ऊब किंवा उच्छ्वास जाणवला की बाहेर पडते. मांजर घरात असती तर तिने मांजर गाठली असती. आता तिला तुमचे घोटे मिळाले आहेत. तुम्ही आजवर जे धुतलेत ते बहुधा मुळात स्वच्छच होते, कारण खरा साठा जिन्याखाली आहे.

खात्री करायची असेल तर तिथल्या गादीच्या शिवणीत साचलेली काळी कणी ओल्या पांढऱ्या फडक्यावर टाकून पाहा. थोड्या वेळाने तिच्याभोवती तांबूस डाग पसरला तर ती माती नसून पिसवांची विष्ठा आहे.

आता पाण्याचा हिशेब. मांजर जिथे निजली ते सगळे, पायपुसणी, सोफ्याचे अभ्रे आणि रोजची अंथरुणे एवढेच धुवायचे आहे. ही कापडे घरभर झटकत नेऊ नका. जागच्या जागी प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंड बांधा आणि थेट मशीनपाशी उघडा. गार पाण्यात पिसू लगेच मरत नाही, हलकी असल्यामुळे तरंगते. साबण असेल तर बुडते. परंतु अंडी आणि कोष यांच्यासाठी साबणाला उष्णतेची जोड हवी. मशीनला हीटर असेल तर ६० अंशांवर लावावे. नसेल तर हात घालवणार नाही इतक्या कढत साबणपाण्यात कपडे बुडवून पाणी निवेपर्यंत ठेवावेत आणि मग मशीनमध्ये टाकावेत. जुन्या गोधडीचा रंग थोडा जाईल, त्याला इलाज नाही. त्यानंतर तीन-चार आठवडे, आठवड्यातून एकदा, फक्त अंथरुणे आणि पायपुसणी याच रीतीने धुवावीत, कारण उरलेल्या कोषांतून पिसवा मागाहून निघत राहतील.

कापसाच्या गाद्या धुता येत नाहीत. मे महिन्यात मी त्या गच्चीवर टाकायला सांगितल्या असत्या. माळव्यातले ते कोरडे ऊन अळ्यांना सोसत नाही. पावसाळ्याची दमट हवा मात्र त्यांना मानवते, म्हणून हा उपद्रव याच दिवसांत वाढतो. गाद्या फार जुन्या असतील तर खोळी काढून कढत पाण्यात घालाव्यात आणि आतला कापूस मोडीत काढावा. तो पिंजून घेण्याइतका खर्च करण्यात अर्थ नाही.

सासूबाईंना सांगा की प्लेगचा संबंध प्रामुख्याने उंदरावरच्या पिसवेशी आहे. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये कराचीत तो दाखवून दिला. मांजराची पिसू निराळी. त्यांची भीती मात्र अगदीच निराधार नाही, कारण प्लेगने गांजलेल्या याच इंदुरात पॅट्रिक गेडीस यांनी शहररचनेचे काम केले आणि त्यांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. घरात किंवा आसपास उंदीर मरून पडू लागले तर मात्र ताबडतोब महापालिकेला कळवावे.

---

प्रेषक : कोलंबस, ओहायो (माहेर सुदामानगर)

काकांच्या पत्राला थोडी पुस्ती जोडते. इथल्या ओहायो स्टेट विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञांचे २००७ मधील संशोधन असे की, व्हॅक्यूम क्लीनरमध्ये ओढल्या गेलेल्या मोठ्या पिसवांपैकी ९६ टक्के मरतात आणि अळ्या व कोष तर सगळेच. तेव्हा धुण्याच्या दिवशीच सोफ्याच्या फटी, पलंगाखालची जागा आणि जिन्याखालचा कोपरा व्हॅक्यूमने ओढून काढावा. एरवी झाडूने अंडी इकडची तिकडे होतात. भरलेली पिशवी तोंड बांधून सकाळच्या कचरागाडीत द्यावी.

---

प्रेषक : राजेंद्रनगर, इंदूर

काका, ताई, मनापासून आभार. कणी फडक्यावर टाकून पाहिली. डाग तांबूसच पडला. आता दोनच शंका उरल्या आहेत. त्याच खोलीत एक लोकरी शाल होती, तिचे काय करावे? आणि डांबराच्या गोळ्या राहू द्याव्यात का?

---

प्रेषक : महू

शाल कढत पाण्यात आटेल. ती पिशवीत बंद करून ड्रायक्लीनिंगला द्यावी आणि आत पिसवा असल्याचे दुकानदाराला आधीच सांगावे. डांबराच्या गोळ्या बंद पेटीत कसरीसाठी ठीक आहेत. उघड्या खोलीत पिसवांवर त्यांचा उपयोग नाही, आणि लहान मूल असलेल्या घरात त्या धोक्याच्याच आहेत.

खोलीच्या झरोक्याला जाळी बसवून घ्या, नाहीतर पुढच्या विणीला मांजर तिथेच येईल. फवारणी करायची झाल्यास वाढ रोखणारे मेथोप्रीन किंवा पायरिप्रॉक्सिफेन असलेले औषध मागा. डब्यावर परमेथ्रिन लिहिलेले असेल तर ते मांजरांना विषारी आहे हे लक्षात ठेवा, आणि दाराशी मांजर फिरकत असेल तोवर ते अंगणात मारू नका.