सातपूरचं वर्कशॉप कामगारांच्याच नावावर करायचंय. कुणी केलंय का?

सातपूरकर_६२

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय, शक्यतो अनुभवाचा.

सातपूर एमआयडीसीत माझं मशीनिंगचं छोटं वर्कशॉप आहे. दोन व्हीएमसी, तीन सीएनसी, आणि एक जुना लेथ. त्या लेथवरच सुरुवात केली म्हणून तो विकवत नाही. ३१ वर्षं झाली, माझं वय ६२. पगारावर १६ माणसं, त्यातली सहा पंधरा वर्षांच्या वरची. वर्षाचा धंदा अडीच कोटींच्या आसपास. कर्ज म्हणाल तर फक्त सीसी लिमिट, म्हणजे बँकेचं रोजच्या खेळत्या भांडवलाचं कर्ज. मुलगी नेदरलँड्सला स्थायिक झाली. मुलगा गंगापूर रोडला फिजिओथेरपी करतो, त्याला कूलंटच्या वासानं शिंका येतात. दोघांवर राग नाही.

मागच्या वर्षी माझी अँजिओप्लास्टी झाली, अकरा दिवस शेडवर गेलो नाही. परत आलो तर एकही डिस्पॅच चुकला नव्हता. टेबलावर फोरमनची वही होती. रोजचे पीस, रिजेक्शन, किती इन्सर्ट गेले, सगळं तारीखवार. शेवटच्या पानावर 'शेठना विचारणे' असं लिहून खाली रेघ मारलेली, आणि त्याखाली एकच ओळ: नवीन बुशचा दर काय सांगायचा? अकरा दिवसांत माझी गरज पडली ती एवढीच.

धंदा विकायचा म्हटलं की दोन प्रकारची माणसं येतात. एकाला प्लॉट हवा असतो, दुसऱ्याला मशिनं किलोच्या भावात. चालता धंदा कुणालाच नको. मग हा चालवणाऱ्यांनाच का देऊ नये? पण धंदा प्रोप्रायटरी आहे, म्हणजे माझ्या एकट्याच्या नावावर, आणि फुकट देण्याइतका मी संत नाही. म्हातारपणाला पैसे लागणारच. कसं करायचं?

द्वारका_सर्कल

काका, आधी तब्येत सांभाळा. बाकी, मोहाडीची सह्याद्री फार्म्स आहेच की समोर. शेतकरीच मालक. तसंच करा.

आकडेमोड

सह्याद्री इथे लागू नाही हो. ती प्रोड्यूसर कंपनी, आणि तशी कंपनी प्राथमिक उत्पादकांनाच काढता येते. द्राक्षवाल्याला जमतं, बुश टर्न करणाऱ्याला नाही.

काका, तुमच्या पोस्टमधला कळीचा शब्द 'प्रोप्रायटरी'. त्या धंद्याला शेअरच नसतात, मग देणार काय? आधी प्रायव्हेट लिमिटेड करावी लागेल, आणि गोम तिथेच आहे. धंदा कंपनीत नेताना कॅपिटल गेनचा कर लागू नये असं वाटत असेल, तर धंद्याची सगळी मालमत्ता आणि सगळी देणी कंपनीत जायला हवीत, मोबदला फक्त शेअरमध्ये घ्यायचा, आणि पुढची पाच वर्षं मतदानाचे निम्मे तरी हक्क तुमच्याकडेच राहायला हवेत. म्हणजे उद्या कंपनी केलीत तरी अर्ध्यावरचा हिस्सा सोडायला तुम्ही ६७ चे व्हाल. 'पुढच्या वर्षी बघू' म्हणत बसलात तर ६८.

आता प्लॉट. एमआयडीसीचा प्लॉट ९५ वर्षांच्या लीजवर असतो, दुसऱ्याच्या नावावर करायला त्यांची परवानगी आणि प्रीमियम लागतो. तो तुमच्या ताळेबंदात असेल तर 'सगळी मालमत्ता' या अटीत तोही आला. बाहेर असेल तर कंपनीला भाड्यानं देऊ शकता, पण त्यालाही एमआयडीसीची परवानगी आणि शुल्क आहेच. सीएला पहिला प्रश्न हाच विचारा. मी पाहिलेल्या दोन प्रकरणांत सगळं ठरल्यावर प्लॉटपाशी गाडी अडली.

शेअर द्यायची रीत म्हणजे ईसॉप, कामगाराला ठरलेल्या भावानं कंपनीचे शेअर घ्यायचा पर्याय. ही काही फक्त बंगळुरूच्या स्टार्टअपची मिरासदारी नाही, २०१३ च्या कंपनी कायद्यात कुठल्याही प्रायव्हेट कंपनीला करता येतं. कायम कामगारच पात्र, ठेकेदाराकडची मुलं बसत नाहीत. आज पर्याय दिला तर शेअर हातात पडायला किमान एक वर्ष जावं लागतं. पडले की बाजारभाव आणि कामगारानं भरलेली रक्कम यातला फरक त्याच्या पगारात धरून कर लागतो. तो कर पुढे ढकलायची सवलत फक्त मान्यताप्राप्त स्टार्टअपना आहे, तुम्हाला नाही. पण नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो. तुमच्या फोरमनचा पगार समजा वर्षाला साडेचार लाख. एकदम दहा लाखांचे शेअर दिलेत तर तो कराच्या जाळ्यात जाईल. दरवर्षी तीन-चार लाखांचे दिलेत तर एक पैसा लागणार नाही. म्हणून थोडं थोडं द्या.

प्रायव्हेट कंपनीची २०० सभासदांची मर्यादा कामगारांना लागू नाही, ती चिंता नको.

द्वारका_सर्कल

मग एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, का नको? सोपी असते म्हणतात.

आकडेमोड

कागदाला सोपी. पण भागीदार झाला की तो नोकर राहत नाही. पीएफ, ईएसआय, ग्रॅच्युइटी सगळ्याचाच प्रश्न येतो. वीस हजारवाल्याला हा सौदा समजावून सांगा बरं.

लेथवरचा

मी दुसऱ्या बाजूचा. अंबडला एका कंपनीत सेटर होतो, नाव लिहीत नाही. मालकानं आम्हा आठ जणांना शेअर दिले. पेढे वाटले, फोटो काढले, कागद फाइलीत गेला. चार वर्षांनी मला गावाकडे घर बांधायचं होतं म्हणून म्हटलं, शेअर विकतो. कुणाला विकणार? बाजारात नाव नाही, बाहेरच्याला घ्यायची मुभा नाही, आणि कंपनी म्हणते आत्ता पैसे नाहीत. चार वर्षांत डिव्हिडंडही एकदाच, तोही दिवाळीच्या बोनसमधून वळता केलेला. बायको म्हणाली, यापेक्षा सोनं घेतलं असतं.

काका, तुमची नियत चांगली दिसते म्हणून सांगतो. माणूस सोडून गेला, निवृत्त झाला किंवा वारला तर त्याचे शेअर कोण घेणार, कुठल्या भावानं, किती महिन्यांत, हे पहिल्याच दिवशी मराठीत लिहून द्या. इंग्रजी कागदावर आम्ही सह्या करतो, वाचत कुणी नाही.

आणि शेअर द्यायच्या आधी वही उघडा. कुठल्या पार्टवर किती सुटतात, पेमेंट कुणाकडे अडकलंय, तुम्ही घरी किती नेता. हे न दाखवता शेअर दिलेत तर पोरं म्हणणार, शेठनं पगारवाढ टाळायला हे काढलंय. आम्ही तेच म्हटलं होतं.

कडू_कारलं

भावनेच्या भरात सगळे 'वा वा' म्हणतील म्हणून कडू बोलतो. कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्सचं काय झालं आठवतंय का? १९८८ साली सुप्रीम कोर्टानं बंद पडलेला कारखाना कामगारांच्या सोसायटीला चालवायला दिला. देशभर गवगवा झाला. पहिली काही वर्षं बरी गेली, मग भांडवलाच्या टंचाईत अडकला. कामगारांना ट्यूब बनवता येत होती, पण तांबं आणायला पैसे नव्हते.

उलट उदाहरणंही आहेत, नाही कशाला म्हणू. लिज्जत १९५९ साली सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केली, आजही तिथे लाटणारी प्रत्येक बहीण मालकच. इंडियन कॉफी हाऊस बंद व्हायला लागली तेव्हा १९५७ पासून वेटर-कुकनी सोसायट्या काढून ती चालवली. पण पापडाला आणि कॉफीला भांडवल किती लागतं? एका व्हीएमसीला किती? नव्वद दिवसांनी पैसे देणारा ग्राहक लिज्जतला नाही.

सहकारी संस्थेचा विचार असेल तर वेगवेगळ्या कुटुंबांतली किमान दहा माणसं, माणशी एक मत, डिव्हिडंड १५ टक्क्यांच्या आत. सोळा जणांत दरवर्षी राजकारण. मत विचाराल तर नको.

गोदाकाठची_ताई

कडू_कारलं यांचा मुद्दा खरा, आणि मी तो भोगलाय. आमची छपाईची प्रेस. माझे मिस्टर तिथे मशीनवर होते. मालकांना मूलबाळ नव्हतं. मिस्टर आणि आणखी तिघांनी मिळून घेतली. ठरलं असं की निम्मी किंमत मालकांना सहा वर्षांत, प्रेसच्या नफ्यातून, हप्त्यानं. ते जमलं. हप्ता कधी चुकला नाही.

अडलं कुठे, तर बँकेत. सीसी लिमिट मालकांच्या घरावर होती. त्यांनी घर सोडवून घेतलं, योग्यच केलं. बँक म्हणे नवीन मालकांनी तारण द्या. चौघांत मिळून सिडकोतले दोन फ्लॅट, तेही आधीच कर्जाऊ. लिमिट निम्म्यावर आली, आणि नेमका ऑर्डरचा हंगाम. कागद उधारीवर देणारा व्यापारी दोन महिने थांबला म्हणून वाचलो. तो नसता तर आज ही पोस्ट लिहीत नसते.

तारणाशिवाय कर्जाला सरकारच्या गॅरंटी ट्रस्टचं संरक्षण मिळतं, आता त्याची मर्यादाही १० कोटींपर्यंत नेलीय. पण बँकेला नव्या माणसांचं तोंड ओळखीचं लागतं. काका, आजपासून फोरमनला बँकेत सोबत न्या. स्टॉक स्टेटमेंट त्याच्या सहीनं जाऊ द्या. मॅनेजर दर तीन वर्षांनी बदलतो, पण फाइलमधली सही राहते.

आणि एक बायकांच्या बाजूचं. गॅरंटीवर सही करायची वेळ आली तेव्हा चौघांच्या घरात चौघी बसल्या होत्या. आम्हाला कुणी आधी विचारलंच नव्हतं. त्यातली एक नाही म्हणाली, आणि तिचं बरोबर होतं.

आकडेमोड

ताई, तुम्ही सांगितलेली हप्त्याची पद्धत इंग्लंडमध्ये २०१४ पासून कायद्यातच आहे. कामगारांच्या वतीनं ट्रस्ट शेअर घेतो, जुन्या मालकाला कंपनीच्या नफ्यातून पैसे मिळत जातात, कामगाराच्या खिशातून काही जात नाही, वर मालकाला करसवलत. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. काकांचे शेअर कंपनीनं परत विकत घेणं हा एक मार्ग आहे, पण एका वर्षात भरणा भांडवलाच्या पाव हिश्श्यापर्यंतच. पुन्हा तेच, वर्षं लागतात.

वेंडर कोडचं, म्हणजे ग्राहकाकडच्या पुरवठादार नंबरचं, सांगायचं राहिलं. कंपनी झाली की पॅन नवा, जीएसटी नंबर नवा. मोठे ग्राहक नवा कोड द्यायच्या आधी पुन्हा ऑडिट लावतात. तुम्ही खुर्चीत असतानाच ते उरकून घ्या.

सातपूरकर_६२

सगळ्यांचे आभार. दोन आठवडे झाले, जे झालं ते लिहितो.

प्लॉट ताळेबंदातच निघाला. सीएनं तोंड वाकडं केलं. एमआयडीसीच्या ऑफिसात आधी लेखी विचारायचं ठरलंय, तोपर्यंत कंपनीच्या कागदांना हात लावत नाही.

शनिवारी शिफ्ट सुटल्यावर सहा जुन्यांना थांबवलं. मिसळ मागवली आणि गेल्या वर्षाचा नफातोटा मराठीत लिहून समोर ठेवला. मी घरी किती नेतो तेही. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग आमचा व्हीएमसीवाला म्हणाला, शेठ, त्या एका पार्टवर आपल्याला फक्त चार टक्के सुटतात? मग तो आपण करतोच कशाला? तीन वर्षं मीच त्या ग्राहकाच्या जुन्या ओळखीपोटी तो पार्ट ओढत होतो. उत्तर देता आलं नाही.

दोघांनी स्पष्ट सांगितलं, आम्हाला पगार वेळेवर मिळाला की बास, मालकी नको. एकानं विचारलं की घर बांधायला शेअर मोडता येतील का. लेथवरचा, तुमची पोस्ट मी त्याला वाचून दाखवली. फोरमन काहीच बोलला नाही. निघताना म्हणाला, पुढच्या बैठकीला घरच्यांना आणू का? म्हटलं, आण.

सोमवारी तो माझ्यासोबत बँकेत आला. इस्त्रीचा शर्ट घालून. मॅनेजरनं माझ्याकडेच बघत प्रश्न विचारले, उत्तरं त्यानं दिली. बाहेर आल्यावर मला म्हणाला, शेठ, त्या चार टक्केवाल्या पार्टचा नवीन दर मी काढलाय, बघता का?