मदत हवी आहे: गर्भपाताच्या हक्कामागचा ज्यू धार्मिक युक्तिवाद कसा मांडावा?

अनुस्वार: कायद्याच्या परिसंवादासाठी टिपण करायचं आहे. अमेरिकेतल्या काही ज्यू संघटना गर्भपातबंदीला धर्मस्वातंत्र्यावरचा घाला म्हणतात, ते कशाच्या आधारावर? मूळ वचनं कोणत्या क्रमाने द्यावीत आणि समोरचा कुठे पकडेल?

खडीसाखर: सुरुवात तोराच्या (ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाच्या) निर्गम या भागातल्या २१:२२ पासून करा. भांडणाऱ्या पुरुषांचा धक्का लागून गर्भ पडला, बाईला इजा नाही, तर नुसता दंड. बाई दगावली तर जिवाला जीव. म्हणजे गर्भ जाणं हा मनुष्यवध धरलेला नाही. मग मिश्ना, म्हणजे ज्यू धर्मनियमांचा जुना संग्रह, त्यातलं ओहोलोत ७:६. बाळंतीण अडली तर गर्भ पोटातच कापून काढावा, कारण तिचा जीव आधी. बहुतेक अंग बाहेर आलं की मात्र हात लावायचा नाही. हे दुसरं वाक्य बरेच जण गाळतात आणि तिथेच पकडले जातात.

तालमूद या मिश्नावरच्या चर्चाग्रंथातल्या येवामोत ६९ब मधलं ‘पहिले ४० दिवस नुसतं पाणी’ हे वचन जपून वापरा. तिथला प्रश्न पुरोहिताच्या विधवा मुलीने माहेरचं पवित्र धान्य खावं की नाही, हा आहे, गर्भपाताचा नाही. पुढच्या पंडितांनी त्याचा आधार घेतला, इतकंच म्हणा.

तळटीप: खरी मेख मायमोनिडीस या मध्ययुगीन ज्यू धर्मपंडितापाशी आहे. आईला वाचवण्यासाठी गर्भ काढावा हे त्यालाही मान्य, पण कारण तो वेगळं देतो: गर्भ तिच्या जिवावर उठलेला ‘रोदेफ’, म्हणजे पाठलाग करणारा आहे. राशी हा मध्ययुगीन भाष्यकार म्हणतो, बाहेरच्या जगात येईपर्यंत तो ‘नेफेश’, पूर्ण जीव, नाहीच. राशी धरलात तर परवानगीला वाव वाढतो. मायमोनिडीस धरलात तर जिवाला धोका दाखवावा लागतो. धर्मपंडित (रब्बी) मोशे फाइनस्टाइन याच कडक बाजूचे. उलट रब्बी एलिएझर वाल्डेनबर्ग यांनी टे-सॅक्ससारख्या जीवघेण्या आनुवंशिक आजारात सातव्या महिन्यापर्यंत मुभा दिली. दोघेही ऑर्थोडॉक्स (परंपरानिष्ठ) पंथाचे, दोघेही विसाव्या शतकातले. त्यामुळे ‘ज्यू धर्म गर्भपाताच्या बाजूने आहे’ असं सरसकट लिहाल तर टिपण पहिल्याच प्रश्नाला आडवं होईल.

अनुस्वार: मग कोर्टात नेमकं काय मांडतात? एवढे मतभेद असताना दावा टिकतो कसा?

खडीसाखर: कोर्टाला धर्माचं एकमत लागत नाही, वादीची श्रद्धा प्रामाणिक आहे का एवढं बघतात. इंडियानाचं प्रकरण घ्या. २०२२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला (डॉब्स निकाल), त्यानंतर तिथे जवळपास पूर्ण बंदी आली. ‘हूजर ज्यूज फॉर चॉइस’ ही तिथली संघटना आणि काही निनावी वादींनी राज्याच्याच २०१५ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्याचा आधार घेतला. (तो कायदा उजव्यांनी आणलेला, हे टिपणात जरूर घ्या.) म्हणणं असं: आईच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्यासाठी आमचा धर्म जिथे गर्भपात करायला सांगतो, तिथे बंदी धर्माच्या आड येते. डिसेंबर २०२२ मध्ये प्राथमिक मनाई हुकूम मिळाला आणि एप्रिल २०२४ मध्ये राज्याच्या अपील कोर्टाने तो मुख्यतः कायम ठेवला. वादींमध्ये सगळे ज्यू नव्हते, तेव्हा ‘ज्यूंचा खटला’ असं लिहू नका.

तळटीप: भारताशी तुलना कराल तर एका ओळीत करा. १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यात मानसिक आरोग्याला गंभीर इजा हे कारण आहेच, म्हणून इथे असा दावा करायची वेळ सहसा येत नाही.