मदत हवी आहे: अमेरिकेत सॉकर (म्हणजे आपला फुटबॉल) ‘बघायचा’ खेळ होईल का?

पुढच्या महिन्यात आमच्या मंडळाच्या वादविवादात हा विषय आहे. मी ‘होईल’च्या बाजूने, मनापासून.

मैदानावरच्या गर्दीचे मुद्दे जमलेत. १९९६ मध्ये १० संघांनी सुरू झालेली मेजर लीग सॉकर (एमएलएस) ही तिथली व्यावसायिक लीग २०२५ मध्ये ३० संघांवर पोचली. तिच्यातल्या अटलांटा युनायटेड संघाच्या घरच्या सामन्यांना २०१८ मध्ये सरासरी ५० हजारांहून जास्त लोक आले. विरोधक पेलेचं उदाहरण देणार: १९७५ मध्ये तो न्यूयॉर्क कॉसमॉस संघाकडे आला, गर्दी उसळली, तरी तो संघ ज्यात खेळायचा ती तेव्हाची लीग (नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग) १९८४च्या हंगामानंतर बंद पडली. एमएलएसमध्ये आलेला मेस्सी गेल्यावरही तेच होईल, असं म्हणतील. त्याला उत्तर आहे: तेव्हा नव्हती अशी खास सॉकरची स्टेडियम्स आता बऱ्याच संघांकडे आहेत.

अडलंय टीव्हीपाशी. ४५ मिनिटं सलग खेळ, मध्ये जाहिराती नाहीत, म्हणून चालत नाही, हे मला पटत नाही. मेक्सिकोची लीग अमेरिकेतच स्पॅनिश वाहिन्यांवर भरपूर बघितली जाते. पण २०२३ पासून एमएलएसचे सामने ॲपलच्या स्ट्रीमिंग सेवेवर आहेत. वर्ल्डकप आणि महिला फुटबॉल दुसरा वक्ता घेतोय, मला पाचच मिनिटं आहेत.

तर वाहिन्यांच्या काळातले प्रेक्षक आणि ॲपलवरचे प्रेक्षक यांची प्रामाणिक तुलना कोणत्या मापाने करता येईल?