ॲडिसनचे गद्य कॉफीगृहाने घडवले, की मोडीत निघालेल्या परवाना कायद्याने?

जुनी पाने (धागाकर्ता)

इंग्रजी निबंधाचा जन्म सांगताना आपल्याकडेही एक ठरलेले चित्र रंगवले जाते. धुराने कोंदलेले लंडनचे कॉफीगृह, एक पेनी देऊन आत आलेला कोणीही माणूस, मेजावर पडलेला जोसेफ ॲडिसन आणि रिचर्ड स्टील यांच्या 'स्पेक्टेटर' या निबंधपत्राचा ताजा अंक आणि त्यावर रंगलेला वाद. हे चित्र खोटे नाही. पण त्यात देखाव्यालाच कारण समजले गेले आहे, असे माझे मत आहे.

लंडनमधील पहिले कॉफीगृह पास्का रोझे याने १६५२ साली उघडले, आणि स्टीलचे त्याआधीचे 'टॅटलर' हे नियतकालिक निघाले १७०९ साली. मधल्या सत्तावन्न वर्षांत कॉफी होती, गप्पा होत्या, खुद्द कवी ड्रायडन विल्सच्या कॉफीगृहात आपली ठरलेली खुर्ची अडवून बसत असे. मग असे नियतकालिक तेव्हाच का निघाले नाही? १६६० साली राजसत्ता परतली आणि दोनच वर्षांनी परवाना कायदा आला, हे माझे उत्तर. छापण्याआधी मजकूर तपासून घेणे सक्तीचे झाले, लंडनमधील मुख्य मुद्रकांची संख्या घटवून वीसवर आणायचे ठरले, आणि रॉजर लेस्ट्रेंज या अधिकाऱ्याला छापखान्यांची झडती घेण्याचा अधिकार मिळाला. जॉन ट्विन नावाच्या मुद्रकाला राजद्रोही मजकूर छापल्याबद्दल १६६४ साली देहान्ताची शिक्षा झाली. अशा काळात रोज सकाळी नवा अंक काढायचा म्हणजे रोज सकाळी कोणाची तरी परवानगी मागायची.

हा कायदा १६७९ साली काही वर्षांसाठी लोपला, १६८५ साली परतला आणि १६९५ साली कायमचा संपला. गंमत अशी की, तो संपताना विचारस्वातंत्र्याचा जयघोष झालाच नाही. स्टेशनर्स कंपनी या मुद्रक-पुस्तकविक्रेत्यांच्या संघाची मक्तेदारी, परदेशी पुस्तकांच्या पेट्या जकातीत अडकून पडणे, घरांच्या झडत्या, अशा रोकड्या तक्रारी कॉमन्स सभेने पुढे केल्या आणि नूतनीकरण नाकारले. त्यानंतर सात वर्षांत, १७०२ साली, 'डेली कूरंट' हे पहिले इंग्रजी दैनिक निघाले, आणि आणखी सात वर्षांनी 'टॅटलर'. हा क्रम योगायोगाचा आहे असे मला वाटत नाही.

शाईचा डाग

मांडणी नेटकी आहे, पण पटली नाही. राजाला वीस मुद्रकांवर नजर ठेवता येत होती. कॉफीगृहे मात्र त्याला आवरली नाहीत. दुसऱ्या चार्ल्सने डिसेंबर १६७५ च्या अखेरीस सर्व कॉफीगृहे बंद करण्याचा जाहीरनामा काढला. तो १० जानेवारीपासून अमलात यायचा होता, पण एवढा गलबला झाला की त्याआधीच राजाला माघार घ्यावी लागली. छापखाना मुका होता तेव्हाही हाताने लिहिलेली बातमीपत्रे या मेजांवर फिरतच होती. म्हणजे वाचणारा, वाद घालणारा आणि उद्या नवे काय आले ते विचारणारा वाचक कायदा संपण्याच्या आधीच तयार झाला होता. कायदा गेल्याने त्या वाचकाला छापील कागद मिळाला, इतकेच.

दुसरे असे की, कायदा गेला म्हणून लेखक मोकळा झाला हे अर्धेच खरे. डॅनिएल डीफोने १७०२ साली कर्मठ चर्चवाल्यांचाच सूर उपरोधाने उचलून एक पत्रक लिहिले. त्याबद्दल जुलै १७०३ मध्ये त्याला तीन दिवस भर चौकात लाकडी चौकटीत मान आणि हात अडकवून उभे केले गेले. अशी शिक्षा डोळ्यांसमोर असताना 'मोकळीक' हा शब्द मी जपूनच वापरेन.

आणि मुख्य मुद्दा गद्याच्या वळणाचा आहे. मोकळ्या छापखान्याने इंग्रजांना सर्वांत आधी काय दिले? टोरी आणि व्हिग पक्षांची चिखलफेक करणारी पत्रके, ढिगांनी. ॲडिसनचा तो मवाळ, समोरच्याला खुर्ची देऊन बोलणारा सूर कोणत्या कलमातून निघाला असेल, ते धागाकर्त्यांनी दाखवावे. 'टॅटलर'च्या पहिल्याच अंकात स्टीलने मजकुराची वाटणी कॉफीगृहांप्रमाणे केली होती: रंगेल गप्पा व्हाइट्सच्या नावाखाली, कविता विल्सच्या, विद्वत्तेचा मजकूर ग्रीशियनच्या आणि बातम्या सेंट जेम्सच्या. नियतकालिकाचा आराखडाच जर कॉफीगृहांचा असेल, तर तो निव्वळ देखावा कसा?

जुनी पाने

'टॅटलर'च्या वाटणीचा मुद्दा बिनतोड आहे, तो मान्य. मात्र ती वाटणी फार काळ टिकली नाही. अंकामागून अंक निघत गेले तशी ती मथळ्यांपुरती उरली आणि एका विषयावरचा सलग निबंध पुढे आला. आपण ज्याला ॲडिसनचे गद्य म्हणतो, ते या सलग निबंधाचे.

डीफोबद्दल एवढेच म्हणेन की, छापल्यानंतर शिक्षा होणे आणि छापण्याआधी परवानगी मागावी लागणे यांत मोठे अंतर आहे. पहिल्यात लेखक धोका पत्करून लिहू शकतो. दुसऱ्यात मजकूर वाचकापर्यंत पोहोचतच नाही. डीफोने त्या चौकटीवरच एक कविता लिहिली, आणि तो शिक्षा भोगत असतानाच ती लंडनच्या रस्त्यांत विकली गेली. १६६४ साली ट्विनच्या बाबतीत हे कल्पनेतही शक्य नव्हते.

कायदा आणि कर यांची ताकद पाहायची असेल तर १७१२ सालाकडे पाहा. ऑगस्टपासून अर्ध्या तावाच्या अंकावर अर्ध्या पेनीचा मुद्रांक कर लागला. कित्येक पत्रे तिथेच संपली. 'स्पेक्टेटर'ची किंमत एका पेनीवरून दोन पेनींवर गेली आणि डिसेंबरमध्ये, ५५५ व्या अंकानंतर, तोही थांबला. कॉफीगृहे मात्र जागच्या जागी होती.

उंबरठा

आपण दोघेही एकाच खोलीत बसून त्या खोलीचे दार कोणी उघडले यावर भांडत आहात. आत कोण येऊ शकत होते, हा माझा प्रश्न आहे. बायका कॉफीगृहात कॉफी देत, काही जणी ती चालवतही. पण मेजाभोवतीच्या वादात गिऱ्हाईक म्हणून बसण्याचा त्यांचा रिवाज नव्हता. 'स्पेक्टेटर'ने त्यांच्यासाठी चहाचे टेबल राखून ठेवले आणि पंखे, पोशाख व शिष्टाचार यांवर मुबलक उपदेश केला. उपरोधकार जोनाथन स्विफ्टसुद्धा या स्त्रीदाक्षिण्याला कंटाळला होता. त्याच काळात मेरी ॲस्टेल ही लेखिका विचारत होती की, सर्व पुरुष जन्मतः स्वतंत्र असतील, तर सर्व स्त्रिया जन्मतः गुलाम कशा? हा प्रश्न तिने १७०६ साली, विवाहावरच्या आपल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत छापला. तो ॲडिसनच्या मवाळ सुरात बसणारा नव्हता.

शिवाय धागाकर्त्यांच्या कालक्रमाला एक मोठे भगदाड आहे. ॲफ्रा बेन हिचे पहिले नाटक १६७० साली रंगमंचावर आले, 'ओरूनोको' ही तिची गद्यकथा १६८८ साली छापली गेली आणि १६८९ साली ती वारली. लेखणीवर पोट भरणारी ही बाई १६९५ उजाडण्याआधीच आपले काम संपवून गेली होती.

तिसरी गोष्ट 'स्पेक्टेटर'च्या अकराव्या अंकाची. स्टीलने त्यात इंकल आणि यारिको यांची कहाणी सांगितली आहे. अमेरिकेच्या किनाऱ्यावर जीव वाचवणाऱ्या आदिवासी तरुणीला इंग्रज व्यापारी बार्बाडोसला आणून विकतो, आणि आपण गरोदर असल्याचे ती सांगते तेव्हा तिची किंमत वाढवून मागतो. वाचताना अंगावर काटा येतो. पण पहिल्या पत्नीच्या निधनानंतर बार्बाडोसमधलाच मळा, तिथल्या गुलामांसह, स्टीलकडे वारशाने आला होता. कहाणीत त्याचा उल्लेख नाही. मेजावर कोणते विषय येत आणि कोणते येत नसत, याचा हिशेब कॉफीगृह देत नाही आणि परवाना कायदाही देत नाही.

पडद्यामागे

अवांतर वाटेल, पण नाही. मोकळीकीतून नवे साहित्यरूप जन्मते, हे गृहीतकच रंगभूमीकडे पाहिले की डळमळते. १७३७ साली पंतप्रधान वॉलपोलने नाटकांवर परवान्याचा कायदा लादला आणि हेन्री फील्डिंगचे राजकीय प्रहसनांचे दुकान बंद पडले. त्याने वकिली शिकली आणि १७४२ साली 'जोसेफ अँड्र्यूज' लिहिली. दार बंद झाल्यामुळे कादंबरीला तिचा एक मोठा लेखक मिळाला.

आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर, वडिलांनी अपुरे ठेवलेले जॉन्सनच्या 'रासेलस'चे भाषांतर पुरे करणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर १८७४ पासून 'निबंधमाला' काढत होते. देशी भाषांतील वृत्तपत्रांना वेसण घालणारा कायदा १८७८ साली आला. 'निबंधमाला' त्यानंतरही चालू राहिली.

जुनी पाने

फील्डिंगचे उदाहरण मला उलट सोयीचे आहे: त्याला वळायला कादंबरीची वाट होती, ती छापील पुस्तकाला पूर्वपरवानगी लागत नव्हती म्हणून. १७३७ च्या कायद्याने फक्त रंगमंच जखडला गेला. बेनबाईंबद्दल मात्र 'उंबरठा' यांचे म्हणणे मला मान्य करावे लागेल. नाटकाची वाट निराळी होती आणि माझा दावा नियतकालिक गद्यापुरताच ठेवायला हवा होता. मी तो 'इंग्रजी साहित्य' म्हणावे इतका ऐसपैस समजून बसलो होतो.

अकरावा अंक काल रात्री पुन्हा वाचला. स्टीलने ती कहाणी एरिएटा नावाच्या स्त्रीच्या तोंडी घातली आहे. स्त्रियांच्या चंचलपणाची जुनी गोष्ट ऐकवणाऱ्या एका बढाईखोर पुरुषाला उत्तर म्हणून ती ही सांगते, आणि निवेदक डोळ्यांत पाणी घेऊन तिच्या घरून निघतो. हा अंक १३ मार्च १७११ रोजी निघाला आणि कोणालाही दाखवल्याशिवाय छापता आला, हे माझ्या बाजूचे. पण त्यात स्वतःच्या मळ्याबद्दल एक ओळही न लिहायला स्टीलला कोणत्याही लेस्ट्रेंजची गरज पडली नव्हती.