पुरातत्त्व आणि संस्कृत एकत्र घेतलं तर झेपेल का?

मांडवीकर:
मुलगी यंदा बारावी झाली. बडोद्यातच म. स. विद्यापीठात पुरातत्त्व घ्यायचं आहे, पण संस्कृतही सोडायचं नाही. घरचे म्हणतात, दोन डगरींवर पाय नको. शिवाय ग्रीक आलंच पाहिजे का?

करंडक:
आपल्याकडे या दोन विषयांचं एकमेकांवाचून अडतं. देवनीमोरीचं बघा. शामळाजीजवळच्या स्तूपातून अस्थिकरंडक निघाला, त्यावरच्या संस्कृत लेखात कथिक राजांचं वर्ष 127 आणि राजा रुद्रसेनाचं नाव आहे, पण हे वर्ष कोणत्या संवताचं ते उघड नाही. शक संवत (इ.स. 78 पासूनचा) धरा, इ.स. 205 येतं, म्हणजे पश्चिम भारतातल्या क्षत्रप घराण्यातला पहिला रुद्रसेन. कलचुरी संवत (इ.स. 248 च्या सुमाराचा) धरा, 375 च्या आसपास, म्हणजे त्याच घराण्यातला तिसरा रुद्रसेन. लेख कितीही घासून वाचला तरी इथे निकाल लागत नाही. स्तूपात क्षत्रप राजा विश्वसेनाचं नाणं मिळालं, त्याची कारकीर्द 294 पासूनची, म्हणून 205 डळमळतं. पण नाणं नंतर आत गेलं असेल तर? तो प्रश्न उत्खननातल्या थरांचा, व्याकरणाचा नाही.

खापरी:
क्रम महत्त्वाचा. संस्कृत व्याकरण पहिल्या दिवसापासून, रोज थोडं. खोदकामाचा एखादा हंगाम पुढच्या वर्षी भरून काढता येतो, विभक्त्या शेवटच्या सत्रात घोकून येत नाहीत. ब्राह्मी या प्राचीन लिपीची अक्षरं लवकर बसतात, गाडी अडते ती प्राकृतावर, म्हणजे त्या काळच्या बोलभाषांवर. गिरनारच्या शिळेवर अशोक 'धंमलिपी' लिहितो, 'प्रियदसिना राञा' लिहितो. ओडिशातल्या जौगडला तेच 'पियदसिना लाजिना' होतं. फक्त संस्कृत येणारा विद्यार्थी 'धंम' दिसलं की 'धर्म' उतरवतो, आणि वाचन तिथेच बिघडतं. आधी दगडावर आहे तसं, मग खाली संस्कृत छाया, म्हणजे शब्दाला शब्द संस्कृत रूप. त्याच गिरनारच्या शिळेवर क्षत्रप राजा रुद्रदामनाच्या लेखाचं संस्कृत गद्य आणि गुप्त सम्राट स्कंदगुप्ताच्या लेखाचे श्लोकही आहेत, सरावाला याहून चांगलं काही नाही.

क्षत्रप नाण्यांवर राजाच्या डोक्यामागे वर्ष असतं. 127 म्हणजे 100, 20 आणि 7 अशी तीन वेगळी चिन्हं. शेवटचं नाण्याच्या कडेबाहेर गेलं तर उरलेल्याला 120 समजू नका, '12×' असं नोंदवा.

करंडक:
खापरींशी सहमत. एक भर: विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिरातल्या पोथ्या ब्राह्मीच्या सरावाला उपयोगाच्या नाहीत, त्या खूप नंतरच्या. पाठभेद (एकाच ग्रंथाच्या पोथ्यांतले फरक) कसे तोलतात ते मात्र तिथल्या रामायणाच्या चिकित्सित आवृत्तीवरून शिकावं.

सुरसागर:
ग्रीकची घाई नको. 'पेरिप्लस' या सागरी व्यापारावरच्या प्राचीन ग्रीक ग्रंथातला बॅरिगाझा म्हणजे भरुच, पण त्यासाठी अनुवाद पुरतो. ग्रीक मोठी अक्षरं तेवढी ओळखता यावीत. क्षत्रप नाण्यांवरची ग्रीक अक्षरं पुढेपुढे नुसती नक्षीच होतात. रोमन व्यापारावर पुढे संशोधन करायचं ठरलं तर भाषा शिकता येईल.

खरी ओढाताण वेळापत्रकाची. उत्खननं बहुधा दिवाळीनंतर थंडीत, त्याच सुमाराला सत्राच्या परीक्षा. प्रवेशाआधी दोन्ही विभागांत विचारा: दोन्ही विषयांचे तास एकाच वेळी येतात का, आणि शिबिरामुळे अंतर्गत परीक्षा चुकली तर ती पुन्हा देता येते का. उत्तर लेखी घ्या.