मदत हवी आहे: १७९६ चं पुणे, हौदातलं प्रेत आणि पुस्तक खपवायचं कसं?

नमस्कार मंडळी,

रहस्यकादंबरीचा पहिला खर्डा हातावेगळा झालाय, पण दोन ठिकाणी घोडं अडलंय. एक कथानकात, एक बाजारात.

काळ १७९६. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले. त्यानंतर वर्षभर पेशवाईचा नुसता खेळखंडोबा चाललाय. मे महिन्यात चिमाजी आप्पाला गादीवर बसवलं, डिसेंबरात दुसरा बाजीराव आला. मधल्या काळात नाना फडणवीस पुण्याबाहेर आणि शिंद्यांच्या फौजेची शहरावर टांगती तलवार. फडातला (पेशव्यांच्या हिशेबी कचेरीतला) एक कारकून या गडबडीत घरी बसलाय, तोच माझा तपास करणारा. मेलेला माणूस रविवार पेठेतल्या सराफाचा गुमास्ता. पहाटे पाणी भरायला आलेल्या बायकांना तो बुधवारातल्या एका हौदात सापडतो. कमरेच्या पैशांच्या पिशवीत अंकुशी आणि चांदवडी असे दोन प्रकारचे रुपये मिसळलेले, आणि प्रत्येकाचा बट्टा (नाणं बदलताना होणारी कपात) वेगळा. (जन्म बँकेत गेला, त्यामुळे या बट्ट्याच्या हिशेबात मी जरा जास्तच रमले आहे. ती प्रकरणं कापावी लागणार, हे दिसतंच आहे.)

आता अडचण. रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर फिरणाऱ्याला कोतवालाची माणसं धरून चावडीत बसवायची. मग तोफेनंतर खून करून प्रेत हौदापर्यंत नेलं कसं? माझं उत्तर: कात्रजचा नळ. नानासाहेबांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालून दगडी बांधकामाचा जो नळ शहरात आणला, त्यातून. ठिकठिकाणी उच्छ्वास (नळात उतरायची उभी तोंडं) आहेतच, एकातून उतरायचं, दुसऱ्यातून निघायचं. हे पटतं का? की चित्रपटात शोभेल, पुस्तकात नाही?

दुसरी अडचण. एका प्रकाशकांनी हस्तलिखित वाचलं, भाषा आवडली म्हणाले आणि लगेच सुचवलं की मुखपृष्ठावर शनिवारवाडा घ्या, आत कुठेतरी नारायणरावांची किंकाळी घाला, आणि निम्मा छपाईखर्च तुम्ही उचला. अहो, नारायणरावांचा खून १७७३ चा! माझी कथा वाड्यात एकदाही शिरत नाही, ती सराफांच्या ओट्यांवर आणि हौदांच्या काठावर घडते. वाडा न दाखवता पुण्याची ऐतिहासिक कादंबरी विकता येते का? स्वतः काढायची झाली तर सुरुवात कुठून करू?

जाणकारांनी मनमोकळं लिहावं. झोडपलंत तरी चालेल.

– गुमास्तीण

उच्छ्वास: ताई, मुख्य नळ माणूस उतरून साफ करू शकेल एवढा आहे, तेवढं चालेल. पण प्रेत ओढत न्यायचं म्हणजे वाहत्या पाण्यात, मिट्ट काळोखात, वाकून. दोन माणसं लागतील आणि तिसरा उच्छ्वासावर पहाऱ्याला. एवढा फौजफाटा असेल तर गुपित दुसऱ्या दिवशी मंडईभर. त्यापेक्षा गुमास्त्याला स्वतःच्या पायांनी हौदावर येऊ द्या, तोफेच्या आधी. नळातून फक्त मारेकरी पसार होऊ दे. एकटा माणूस निघून जाऊ शकतो.

पेठकरी: मला नळापेक्षा हौद महत्त्वाचा वाटतो. प्यायच्या पाण्यात प्रेत म्हणजे साधी गोष्ट नव्हे. विटाळ झाला म्हणून सगळा परिसर हवालदिल होणार. हौद उपसायचा, शुद्ध करून घ्यायचा, तोवर पाणी दुसरीकडून. शिवाय कोणत्या जातीनं कुठलं पाणी भरायचं हे ठरलेलं, म्हणजे ज्यांना दुसऱ्या हौदावर उभंही करत नाहीत त्यांचे हाल वेगळेच. तुमच्या कारकुनानं एवढंच विचारावं: त्या पहाटे कोणाच्या घरी नदीचं पाणी आधीच भरून ठेवलेलं होतं? मारेकरी तिथेच सापडेल.

जाता जाता, तुळशीबाग घ्या, बेलबाग घ्या, पण विश्रामबागवाडा घेऊ नका. तो दुसऱ्या बाजीरावानं नंतर बांधला. आणि पात्रांना चहा पाजू नका, पुण्यातले वाचक त्याच पानावर पुस्तक मिटतात.

मोडीवाचक: कोतवालीचे कागद बघायचे असतील तर पेशवे दप्तर पुणे पुराभिलेखागारात आहे. सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळातही (स्थापना १९१०) चक्कर मारा. मोडी येत नसेल तर वर्ग लावा, भाडोत्री लिप्यंतरावर रहस्य बेतू नका. वेळ घटकांतच ठेवा, साठ घटकांचा दिवस, म्हणजे एक घटका चोवीस मिनिटांची. गुमास्ता किती घटका पाण्यात होता, यावर तुमचं अर्धं प्रकरण उभं राहील.

छापखाना: दुसऱ्या प्रश्नाचं बघू. निम्मा खर्च लेखकाचा असेल तर निम्मे हक्क आणि विक्रीचा हिशेब लेखी मागा. तोंड वाकडं केलं तर उठा. स्वतः काढायचं तर आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) फुकट मिळतो, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नका. पहिली छपाई लहान ठेवा, प्रकाशनपूर्व सवलतीत नोंदणी घ्या, त्यातून कागदाचे पैसे सुटतात. पहिलं प्रकरण आत्ताच एखाद्या दिवाळी अंकाला द्या. संपादक मंडळी उन्हाळ्यातच साहित्य ठरवायला घेतात, गणपतीत फोन करून उपयोग नाही. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव असतो, तिथे कोणाच्या तरी गाळ्यावर कोपरा मागा. अप्पा बळवंत चौकात वितरकाशिवाय ठेवायचं तर प्रती उधारीवर जातील. वसुलीला तुम्हालाच चकरा.

पेठकरी: आणि मुखपृष्ठावर वाडा नकोच. हौदाची पायरी, तांब्याची घागर, तिच्या काठावर एक अंकुशी रुपया. बघणारा विचारेल, हे काय? तिथेच निम्मं काम झालं. प्रकाशनाला हॉल घेऊन हार-तुरे करण्यापेक्षा वाचकांना सकाळी रविवार पेठेतून हौदापर्यंत चालत न्या. शेवटचं प्रकरण सोडून सगळं सांगा.

गुमास्तीण: सगळ्यांचे आभार! नदीच्या पाण्याचा धागा मी उचलते आहे, पेठकरी, श्रेयनामावलीत तुमचं टोपणनाव पक्कं. प्रेत नळातून काढून टाकलं. आता एकच: तोफेनंतर सुईणीला किंवा वैद्याला बोलवायला जायचं झालं तर चावडीवर काही परवाना मिळायचा का? कोणाच्या वाचनात तसा कागद आला असेल तर कृपया कळवा. मारेकऱ्याची बायको नेमकी त्याच रात्री अडलेली दाखवायची आहे.